डावा बूट

"बूट घाल." "नाही." डावा बूट भिंतीवर आदळला. शाळेची गाडी यायला सात मिनिटं होती. आज पुन्हा उशीर झाला तर शाळेतून नाव कमी होणार होतं. "लाडावून ठेवलंयस कार्टीला!" बाबा आतून ओरडले. आईने बूट उचलून लेकीसमोर ठेवला. तो पुन्हा उडाला. लेकीला या हट्टासाठी दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, हुकूम देऊ नका, पर्याय द्या. "तू घालतेस की मी घालू?" "कोणीच नाही!" आईचा उगारलेला हात थबकला. लेकीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. "तुला शाळेत जायचंच नाही का?" "जायचंय गं! पण तू सांगितलंस की तोंडातून आधी 'नाही'च येतं. थांबवताच येत नाही." बाहेर हॉर्न वाजला. आईने बूट आणून नाडी सैल केली. "मग 'नाही'च म्हण, मोठ्याने." "नाही!" लेक किंचाळली, "नाही, नाही!" आणि तिने पाय बुटात सरकवला.