मक्याचा धागा

पीएचडीसाठी मक्याचं स्टार्च पॉलिमरमध्ये कालवून नॅनोधागे काढायचे होते. वीस हजार व्होल्ट लावले तरी सुईतून धागा काही निघेना, समोरच्या फॉइलवर नुसते थेंब. सरांनी तंबी दिली, "सोमवारी धागा दाखव, नाहीतर विषय बदल."

सोमवारी मी खिडकीतलं कोळ्याचं जाळं अलगद उचललं आणि फॉइलवर पसरून मायक्रोस्कोपखाली ठेवलं.

सर बराच वेळ डोळा लावून बसले. "काय एकसारखा धागा आलाय! कशाचा?"

"मक्याचा, सर."

"खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातल्या मक्याचा ना?"

मी हळूच फॉइलकडं हात नेला.

सरांनी दार लोटून घेतलं. "मावशींना सांग, तिथं झाडू लावू नका म्हणावं. माझ्या पीएचडीचा धागा ह्याच कोळ्याच्या पणजीनं काढून दिला होता."