एका शिंगाची शेळी

म्यानमारमधलं गाव पेटलं तेव्हा पळापळीत तय्यबच्या हातून लेकीचा हात सुटला. ती पुन्हा दिसली नाही. आता कनेरगाव नाक्यावर तो ट्रक रंगवायचा. मालकांना मोर हवे असत, तय्यब मात्र मागच्या फाळक्यावर आपलं निळ्या दाराचं घर काढी. आज अंगद ड्रायव्हर तय्यबनंच रंगवलेला ट्रक घेऊन महिन्यानं परतला. “कोण्या पोट्ट्यानं घाण करून ठेवली. पूस ते.” फाळक्यावरच्या घरापुढं कुणीतरी कोळशानं शेळी काढली होती, एकाच शिंगाची. तय्यबनं उचललेलं फडकं खाली ठेवलं. लेकीची ती लाडकी एकशिंगी शेळी त्यानं कधीच रंगवली नव्हती. “गाडी कहाँ रुकी थी?” “पन्नास जागी. उद्या परत त्याच वाटेनं जायचंय, लवकर पूस.” तय्यबनं ब्रश उचलला. त्यानं शेळीच्या रेघांवरून पक्का रंग फिरवला. “भाई, इस गाँव का नाम कैसे लिखते? बकरी के नीचे लिखना है.”