युरायची जागा

पिट्सबर्गच्या लोखंडाच्या कारखान्याच्या फाटकाशी दोरोता दोन डबे घेऊन आली. एक नवऱ्याचा, युराय उंच झोतभट्टीच्या माथ्यावर खनिज आणि कोळसा ओतायचा. दुसरा दिराचा, मातुश दोन महिने कामासाठी फाटकाबाहेर उभा होता. तेवढ्यात मुकादम बाहेर आला. “भट्टीत अडकलेला माल एकदम खाली घसरला, वर ज्वाळा उसळली. युराय गेला. काही उरलेलं नाही, उगाच विचारू नका. भट्टी थांबवता येत नाही. त्याच्या जागी कोण चढतंय?” गर्दीतले सगळे हात वर गेले. मातुशचा तेवढा खालीच राहिला. दोरोताने दोन्ही डबे जमिनीवर ठेवले. “भावजी, घरात चार लेकरं आहेत.” “वहिनी, दादाला जाऊन तासही झाला नाही.” “म्हणूनच जागा रिकामी आहे,” ती म्हणाली. तिने त्याचं मनगट पकडलं आणि मुकादम बघेपर्यंत त्याचा हात उंच धरून ठेवला.