लेकीची व्हाइट वाइन

"बाबा, आधी नुसता वास घ्या," मुलगी म्हणाली आणि तिने पेला त्याच्या हातात दिला.

त्याने पेला नाकाशी नेला. वाइन फिकट पिवळसर, नितळ होती. वास मात्र काहीच नाही. महिन्यापूर्वी घरात ताप शिरला. आधी लेक आडवी झाली, मग तो. ताप गेला, पण जाताना त्याची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. चाळीस वर्षं ज्या नाकाच्या जोरावर या तळघरातली रेड वाइन बनली, ते आता फक्त चष्मा ठेवायच्या कामाचं उरलं होतं. हे त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं.

समोर रेड असती तर निभावून नेलं असतं. रेड जिभेला धरते, तिचं बरंवाईट वासाशिवायही त्याला कळलं असतं. व्हाइट म्हणजे नुसता आंबटपणा, आणि तो किती असावा हे त्याला कधीच उमगलं नव्हतं. "ते आजाऱ्यांचं पाणी," असं तो चारचौघांत म्हणायचा. मुलीने व्हाइटच्या वेली लावल्या तेव्हाही तो हेच म्हणाला होता. ती उलटून बोलली नाही. सहा वर्षं राबली.

त्यात गेल्या आठवड्यात टाकीचं कूलिंग दोन दिवस बंद पडलं. वाइन बिघडली असेल तर वासावरूनच कळणार होतं. आणि उद्या सकाळी बाटल्या भरायचं यंत्र यायचं होतं. बिघडलेली वाइन बाटलीत गेली, की लेकीच्या नावाची माती.

"काय वाटतं?"

"थांब गं. घोड्यावर बसून आलीस का?"

खरं सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं. पण 'मला कळत नाही' म्हटलं, तर तिला वाटणार, म्हातारा अजून आपलं रेडचंच घोडं दामटतोय. सहा वर्षांनी लेकीने पेला पुढे करावा आणि बापाने तोंड फिरवावं? ते त्याच्याने होईना. तिच्याकडे बघून त्याला भरून आलं.

टाकीवर वाइनला कसकसले वास येतात ते लिहिलेली, तिच्या अक्षरातली पाटी लटकत होती. चष्मा वर सारून त्याने ती हळूच वाचली आणि एक घोट घेतला.

"नासपती," तो म्हणाला. "मागून लिंबाची साल. आणि शेवटी ओल्या गवतासारखं काहीतरी. पोरी, मी उगाच इतकी वर्षं नावं ठेवली."

"कुबट, आंबूस असं काही?"

"छे! खुशाल भर."

"माझं मन राखायला नाही ना सांगत?"

"वाइनच्या बाबतीत मी कधी कोणाची भीड ठेवलीये?"

मुलगी मटकन खोक्यावर बसली. डोळे पुसत हसली. त्याने पेला तिच्यापुढे धरला.

"घे, तूही चाखून बघ."

"मी चाखून काय करू, बाबा? त्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही. पाटीवरचंसुद्धा अंदाजाने लिहिलंय. म्हटलं, तुमचं नाक आहे तोवर मला कसली भीती?"