तेविसांत चार

"संध्याकाळच्या उजेडात हा साक्षीदार दहापैकी आठ वेळा स्कूटरचा रंग बरोबर ओळखतो, हे मान्य," संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक कोर्टात म्हणाले. "पण इथल्या शंभर स्कूटरींत लाल पाचच. त्यांतल्या चार तो लाल सांगेल आणि उरलेल्या पंच्याण्णवांतल्या एकोणीसही चुकून लालच सांगेल. म्हणजे तो 'लाल' म्हणाला, तर तेविसांत चारदाच खरा. माणूस खोटारडा नाही हो, डोळे दगा देतात."

लाल स्कूटरवाला आरोपी सुटला. त्याची आई त्याचा हात घट्ट धरून कोर्टाबाहेर पडली.

प्राध्यापक घरी आले, तेव्हा फाटकाशी वॉचमनने त्यांना थांबवलं. "सर, राग मानू नका. मघाशी बसस्टॉपवर हुबेहूब तुमच्या मुलासारखा एक जण दिसला."

"तो गेला रे. मीच ओळख पटवली होती."

वर जाऊन त्यांनी कुलूप काढलं, एक कप चहा टाकला आणि गॅसपाशी उभे राहिले. नदीतून काढलेला, फुगलेला चेहरा. शवागारातला मिणमिणता दिवा. डोळे भरून आलेले, चष्मा धुरकटलेला. दाराबाहेर बायको विनवत होती, "मला एकदा बघू द्या." तिला त्यांनी आत येऊ दिलं नव्हतं. "नको बघूस. तोच आहे."

आता तीही नव्हती.

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला आणि पायांत पुन्हा चपला सरकवल्या. त्या दिवशी साक्षीदार एकच होता, आणि त्याची उलटतपासणी कोणीच घेतली नव्हती.