तळाचे तरंग

तेल्हाऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये लिनक्सच्या पडद्यावर पाण्याचे तरंग उठायचे. तो नुसता एक इफेक्ट होता. पण त्या दुष्काळी साली पोरी धडा सोडून तेच बघत बसायच्या, म्हणून मी चिडून तो बंद केला.

तरंग थांबले नाहीत. पडद्याचा ड्रायव्हर-प्रोग्राम बदलला, शेवटी प्लगच उपटला. काळ्या पडद्यावर तरंग उठतच राहिले.

मी अब्बांना बोलावलं. त्यांनी जन्मभर विहिरी खोदल्या. खडा टाकून ते पाण्याचा ठाव सांगत.

बराच वेळ पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"नगमा, असे तरंग वरून नाई दिसत, बेटा. पाण्याच्या बुडाशी असलेल्या माणसाले दिसतेत. कोणीतरी खडे टाकून आपला ठाव घेऊन राहिलं."

मी मान वर केली. छताच्या पत्र्यावर एक वर्तुळ हळूहळू पसरत होतं.