दारातली बाई

नेपरव्हिलच्या लायब्ररीत एका चित्रासमोर गुरुनाथ इतक्या मोठ्यानं हसला, की काउंटरवरच्या बाईनं मान वर केली.

“नीलू, इकडे ये. ही मधली बघ. तूच आहेस!”

नीलांबरी चष्मा लावून नवऱ्याशेजारी आली. प्रदर्शन प्रीताचं होतं. प्रीता म्हणजे तिच्या मैत्रिणीची, सुमेधाची मुलगी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बड्या लोकांची विनोदी चित्रं भिंतभर लावली होती. जेवणाच्या टेबलावर घोरणारे लॉर्ड, दरवाज्यात अडकलेले घेरदार झगे. या चित्रात सोफ्यावर तीन बायका हातातल्या पंख्यांआड कुजबुजत होत्या, आणि चौथी एकटीच दारात उभी होती. मधलीची हनुवटी, ती चढलेली भुवई. खाली इंग्रजीत ओळ होती: ‘या, या! आत्ताच तुमचा विषय निघाला होता.’

नीलांबरीनं ती ओळ पुन्हा वाचली. गेल्या दिवाळीत, स्वतःच्या घरी, ती अगदी हेच म्हणाली होती. सुमेधाचा नवरा अमित घर सोडून गेला, त्याच्या आठच दिवसांनंतर सुमेधा फराळाला आली, आणि सोफ्यावरच्या बायका एकदम गप्प झाल्या. प्रीता तेव्हा आईच्या मागे बूट काढत होती. आणि प्रीता चित्रं काढते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती तरातरा प्रीताकडे गेली.

“मुद्दाम काढलंस ना हे?”

“काय, काकू?”

“मला काही कळत नाही असं समजू नकोस. ती मधली मी आहे.”

प्रीता गोंधळली. “मी नाही काढलं, काकू. जुन्या मॅगझिनमधलं आहे, लंडनचं. मी फक्त कलेक्ट केलंय. इथे डेट आहे, बघा ना.”

पिवळ्या पडलेल्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक आकडे होते. १८७९.

नीलांबरीला एकदम हलकं वाटलं. “अगं, मला उगाचच वाटलं...”

“फनी आहे,” प्रीता म्हणाली. ती मात्र हसत नव्हती. “तासापूर्वी आईनंही सेम विचारलं. मला म्हणाली, मला दारात का उभं केलंस?”

नीलांबरीनं पुन्हा चित्राकडे पाहिलं. चौथ्या बाईच्या हातात फुलं होती. मघाशी तिला ती फुलं दिसलीच नव्हती.

“कुठाय सुमेधा?”

“बाहेर, गाडीत. तुमची कार पार्क होताना पाहिली तिनं. आता आत येत नाही म्हणते.”

“नीलू, कोट!” गुरुनाथ मागून ओरडला. तोवर ती बाहेर पडली होती.

पार्किंगमध्ये बाजूला सारलेल्या बर्फाचे ढीग होते. सुमेधाची गाडी टोकाला होती, इंजिन चालू ठेवलेली. नीलांबरीनं लांबूनच हात वर केला. पायाखाली घसरत होतं, तरी ती भराभर चालली.

सुमेधानं काचेतून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे पाहिलं, आणखी कोण कोण आलंय ते.

नीलांबरीचा हात दारापर्यंत पोचायच्या आत चारही दारं टक्कन लॉक झाली.